शहराचे फोटो ऑनलाइन टाकण्याआधी : एडिटिंग किती करायचं आणि वॉटरमार्कमध्ये काय लिहायचं

ऑगस्ट २०१९, पुणे. खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं, भिडे पूल पाण्याखाली गेलेला आणि मी झेड ब्रिजवर छत्री मानेत धरून फोटो काढत होते. त्यातला एक मनासारखा आला, कोपऱ्यात बारीक अक्षरात माझं नाव (म्हणजे वॉटरमार्क) टाकलं, दोन-तीन ग्रुपवर पाठवला आणि विसरूनही गेले. मग जुलै २०२४ मध्ये एकता नगरीत पाणी शिरलं ना, त्या दिवशी सकाळी तोच फोटो मावशीने मलाच पाठवला, "अगं आत्ताचा आहे, घराबाहेर पडू नकोस". नावाचा कोपरा कापलेला, खाली कुणीतरी "आत्ताची परिस्थिती" असं लिहिलेलं. नाव गेलं त्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त वाईट ह्याचं वाटलं की माझा खरा फोटो लोकांना खोटी बातमी सांगत फिरत होता, का तर त्याच्यावर वर्ष नव्हतं.

तेव्हापासून माझी फोटो टाकायची पद्धत बरीच बदलली आणि ती इथे सगळी लिहिते आहे. मी प्रोफेशनल नाही, रविवारी सकाळी पेठांमधून फिरते, जुना डीएसएलआर आणि फोन एवढंच. शहराचा फोटो मला सुंदर तर हवाच असतो पण तो पुरावाही असतो असं मला मनापासून वाटतं, आज जो वाडा फोटोत आहे तिथे चार वर्षांनी पार्किंगवाली बिल्डिंग असते, त्यामुळे एडिट असं करायचं की तो पुरावा मोडणार नाही आणि नाव असं टाकायचं की पुरावा पूर्ण होईल. पुढचं सगळं ह्याच हिशोबाने वाचा.

सुरुवात कॅमेऱ्याच्या घड्याळापासून

हो, एडिटिंगच्याही आधी. फोनची तारीख आपोआप बरोबर असते पण कॅमेरा बरेच महिने कपाटात पडून राहिला, बॅटरी पूर्ण उतरली की त्यातली तारीख रीसेट होते आणि मग सगळे फोटो कुठल्यातरी भलत्याच १ जानेवारीचे दिसतात. बाहेर पडण्याआधी मेनूत जाऊन तारीख-वेळ बघायची, दहा सेकंदांचं काम.

घरी आल्यावर सगळे फोटो जसेच्या तसे एका फोल्डरमध्ये कॉपी करायचे, फोल्डरचं नाव आधी वर्ष मग महिना मग दिवस मग जागा, म्हणजे "२०२४-१२-१५ पर्वती" असं, म्हणजे दहा वर्षांनी पण फोल्डर ओळीने लागतात. ह्या मूळ फाइलींना हात लावायचा नाही, एडिट कायम कॉपीवर. कॅमेऱ्यात किंवा फोनमध्ये रॉची (कॅमेऱ्याने टिपलेली सगळी माहिती जशीच्या तशी ठेवणारी फाइल) सोय असेल तर रॉ आणि जेपेग दोन्ही चालू ठेवा, जागा जास्त खातं पण एकतर उजेड-सावली सावरायला रॉमध्ये खूप वाव असतो आणि दुसरं म्हणजे उद्या कुणी "हा फोटो माझा आहे" म्हणाला तर रॉ फाइल फक्त तुमच्याकडे असते, त्याच्याकडे नसते.

मग निवड. ऐंशी फोटो काढले असतील तर टाकण्यासारखे पाच-सहा निघतात, माझे तरी तेवढेच निघतात. एकाच दरवाज्याचे सात फोटो टाकू नका, त्यातला एक निवडताना जो त्रास होतो तो आपणच सोसायचा, बघणाऱ्यावर ढकलायचा नाही.

सरळ करणं, आणि वाड्यांच्या बाबतीत थोडं जपून

पहिलं एडिट कायम फोटो सरळ करणं. अरुंद बोळात उभं राहून मान वर करून फोटो काढला की बिल्डिंगा मागे कलंडल्यासारख्या दिसतात, शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा जवळून काढला तर हे फार जाणवतं. स्नॅपसीड ह्या एडिटिंग अॅपमध्ये पर्स्पेक्टिव्ह नावाचं टूल आहे, लाइटरूम ह्या दुसऱ्या अॅपमध्ये जॉमेट्री, त्याने उभ्या रेषा सरळ करता येतात. पण सरळ करताना कडेचा बराच भाग कापला जातो, म्हणून फोटो काढतानाच दोन पावलं मागे जाऊन चारी बाजूंना जागा सोडून काढायचा. आणि अगदी पूर्ण शंभर टक्के सरळ करू नका, उंच इमारत वरती किंचित निमुळती दिसणं डोळ्याला नैसर्गिक वाटतं, पूर्ण सरळ केली की ती वरून रुंद झाल्यासारखी वाटायला लागते.

आता पेठांमधली खास अडचण अशी की जुना वाडा स्वतःच वाकडा असतो! लाकडी खांब एका बाजूला कललेला, सज्जा मध्ये झुकलेला, आणि आपण त्या खांबाला सरळ धरून फोटो फिरवला की रस्ता, माणसं, शेजारची बिल्डिंग सगळं तिरकं होतं. विजेच्या खांबावर पण विसंबू नका. शेजारी नवीन सिमेंटची बिल्डिंग असेल तर तिची कड धरायची, नदी दिसत असेल तर पाण्याची रेषा, काहीच नसेल तर रस्त्यात ताठ उभा असलेला माणूस. वाड्याचा वाकडेपणा फोटोत राहू द्या, तो कलला आहे हीच तर त्याची आजची खरी अवस्था आहे.

उजेड

बोळातला ठरलेला प्रॉब्लेम म्हणजे वरचं आकाश पांढरंफटक आणि खाली ओट्यावर बसलेले आजोबा काळेकुट्ट. हायलाइट्स (उजळ भाग) खाली आणा, शॅडोज (अंधारे भाग) वर न्या, पण दोन्ही शेवटपर्यंत ओढू नका, शॅडोज फार वर नेल्या की अंधारातून दाणेदार कचरा वर येतो आणि सावलीची मजाच जाते. मी शॅडोज वाढवते तेव्हा थोडं थांबून परत थोडं मागे घेते, कारण स्लायडर हलवत असताना डोळा सरावतो आणि आपण गरजेपेक्षा पुढे गेलेलो असतो. एकाच जागेचा उजेड वाढवायचा असेल तर स्नॅपसीडचं सिलेक्टिव्ह टूल फार छान आहे, चेहऱ्यावर बोट ठेवायचं, चिमटीने गोल लहान-मोठा करायचा आणि बोट आडवं सरकवलं की तेवढाच भाग उजळतो.

आकाश जर काढतानाच पूर्ण पांढरं झालं असेल तर ते कुठल्याच स्लायडरने परत येत नाही, तिथे माहितीच नसते. म्हणून काढतानाच आकाशाच्या बाजूने एक्स्पोजर धरायचं, खाली थोडा काळोख चालेल, तो नंतर उघडता येतो. आणि एचडीआरचा (उजेड आणि अंधार दोन्ही एकदम उघडून दाखवणारा) इफेक्ट फार लावू नका, मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्याभोवती पांढरी झळाळती कड दिसायला लागली की समजायचं जास्त झालं. ती मंडई १८८६ पासून तिथे उभी आहे, तिला झळाळीची गरज नाही.

डीहेझ ह्या धुकं-धूसरपणा काढणाऱ्या स्लायडरबद्दल एकच सांगते. डिसेंबरात सकाळी सहा-साडेसहाला पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून वर गेलात, खाली सगळं शहर धुक्यात बुडालेलं आहे, तो फोटो घरी आणून डीहेझ करणं म्हणजे ज्याच्यासाठी पहाटे उठलो तेच पुसून टाकणं. तिथे उलट किंचित कॉन्ट्रास्ट कमी केला तरी चालतो.

रंग, म्हणजे झेंडू, गुलाल आणि निळी ताडपत्री

इथे मी जरा रेंगाळणार कारण बहुतेक फोटो इथेच बिघडतात. आपले रंग मुळातच भडक आहेत. झेंडूचा ढीग, हळद-कुंकवाची दुकानं, तुळशीबागेतल्या बांगड्या, विसर्जन मिरवणुकीतला गुलाल. ह्यावर सॅच्युरेशन वाढवलं की लाल आणि केशरी रंग फुटतात, म्हणजे झेंडूच्या पाकळ्या वेगळ्या दिसेनाशा होतात, नुसता केशरी गोळा दिसतो. गुरुजी तालमीच्या मिरवणुकीत गुलाल उधळलेला असतो तेव्हाचे फोटो बघा, माणसांचे चेहरे एका सपाट गुलाबी डागासारखे होतात. उपाय असा की एकूण सॅच्युरेशनला हात न लावता फक्त लाल आणि मजेंटा रंग निवडून त्यांचं सॅच्युरेशन १०-१५ ने कमी करायचं आणि ल्युमिनन्स (त्या रंगाचा उजळपणा) थोडा बदलून बघायचा, लाइटरूममध्ये हे कलर मिक्समध्ये आहे. लगेच नाक-डोळे, गुलालाचे कण सगळं परत दिसायला लागतं, आणि गंमत म्हणजे फोटो फिका नाही वाटत.

व्हाइट बॅलन्स. ऑटो दाबलं की अॅप सगळ्या पांढऱ्या गोष्टी पांढऱ्या करायला बघतं आणि शहराचा उजेड मारून टाकतं. संध्याकाळी हातगाडीवरचा पिवळा बल्ब पिवळाच असतो आणि तो तसाच दिसायला हवा. मुंबईत मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी बसवले होते, २०१५ च्या सुमाराला, तेव्हा लोकांनी क्वीन्स नेकलेस गेला म्हणून केवढा आवाज उठवला होता, कारण तो रंग म्हणजेच ती जागा होती. मग आपण घरी बसून एका बटणाने तेच का करायचं? मात्र पावसाळ्यात निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या भाजीवाल्या मावशींचा चेहरा निळा येतो तो मी दुरुस्त करते, कारण आपण तिथे उभे असताना डोळ्याला तो निळा दिसत नव्हता, मेंदू सांभाळून घेत होता, कॅमेरा सांभाळत नाही. टेम्परेचर थोडं उबदार करायचं, आणि टिंटमध्ये हिरवट छटा दिसत असेल (ट्यूबलाइट असली की असते) तर मजेंटाकडे जरासं सरकवायचं. कोथिंबिरीकडे बघत बघत करा, कोथिंबीर खरी दिसली की बाकी सगळं जवळपास बरोबर आलेलं असतं.

काय पुसायचं आणि काय नाही

सेन्सरवरची धूळ पुसायची. आकाशात झूम करून शंभर टक्क्यावर बघा, गोल राखाडी ठिपके दिसले तर हीलिंगने काढून टाका, ते शहराचे नाहीत, कॅमेऱ्याचे आहेत. पण वायरी? माझं स्पष्ट मत आहे की वायरी काढू नका. रस्त्यावर आडव्यातिडव्या लोंबणाऱ्या केबल, फ्लेक्स, वाड्याच्या कमानीवर ठोकलेली क्लासची पाटी, हे सगळं आत्ता कुरूप वाटतं पण हेच आजचं पुणे आहे. जुने फोटो बघताना आपण काय शोधतो, टांगा, दुकानाची पाटी, सायकली लावलेल्या रांगा, आणि तेव्हाच्या कुणाला तरी त्या नक्की मध्ये मध्ये येत असणार. वायर खटकत असेल तर फोटो काढताना जागा बदला, खाली बसा, पलीकडच्या फुटपाथवर जा. आकाश बदलून देणारी एआयची बटणं तर शहराच्या फोटोला नकोतच, ज्या दिवशी ढग नव्हते त्या दिवशी ढग नव्हते.

आणि एखाद्या वेळी काही मोठं पुसलंच, पोस्टरसारखं दिसावं म्हणून किंवा कशासाठीही, तर कॅप्शनमध्ये तसं लिहा. एक ओळ लागते.

फोटोतली माणसं

गर्दीतला फोटो आणि एका माणसाचा फोटो ह्यात फरक करा. लक्ष्मी रोडवरची गर्दी टाकायला कुणाला विचारायची गरज मला वाटत नाही, पण एकच बाई ओट्यावर बसून केस विंचरते आहे, कुणी घाटावर अंघोळ करतंय, एकटं लहान मूल आहे, हे विचारल्याशिवाय नाही टाकायचं, आणि विचारता आलं नसेल तर फोटो स्वतःपाशी ठेवायचा. गाड्यांचे नंबर समोरच दिसत असतील तर झाका. चेहरा झाकायचा असेल तर सिग्नल ह्या मेसेजिंग अॅपमध्ये फोटो पाठवण्याआधी ब्लर करायची सोय आहे, ते स्वतः चेहरे शोधतं, राहिलेल्या ठिकाणी बोटाने ब्लर करता येतं, मग "नोट टू सेल्फ"ला (म्हणजे स्वतःलाच) पाठवून सेव्ह करायचं. नंबर प्लेट नुसती हलकी ब्लर केली तर आकडे ओळखू येतात, तिथे सरळ प्लेटच्याच रंगाचा अपारदर्शक पट्टा टाका. आणि लोहगाव विमानतळ हवाई दलाचा आहे, खडकीत दारूगोळ्याचा कारखाना आहे, अशा जागी "फोटोग्राफीला मनाई"ची पाटी असते, तिथे काढूही नका, टाकायचं तर दूरच.

साइज

वॉटरमार्कच्या आधी साइज ठरवायची, उलटं केलं की नाव लहान-मोठं होतं. २४ मेगापिक्सलचा फोटो साधारण ६००० बाय ४००० असतो, तेवढा मोठा नेटवर कुणालाच लागत नाही, फक्त चोरणाऱ्याला लागतो. इन्स्टाग्राम फोटो १०८० पिक्सल रुंदीचा करून दाखवतं, मग आपणच १०८० चा करून द्यावा म्हणजे त्यांच्या कॉम्प्रेशनने कमी बिघडतो, उभा असेल तर १०८० बाय १३५०. फेसबुकला लांब बाजू २०४८. जेपेग क्वालिटी ८०-८५ पुरते, कलर स्पेस एसआरजीबी (नेटवर सगळीकडे चालणारी) ठेवा नाहीतर काही स्क्रीनवर झेंडू मातकट दिसतो. लहान केल्यावर फोटो थोडा मऊ पडतो म्हणून शेवटी हलकं शार्पनिंग, तेही विटा आणि लाकूडकाम असेल तरच, धुक्याला नाही. माझ्या मते चोरीपासून खरं संरक्षण हेच आहे, लहान फाइल टाकायची आणि मोठी घरी ठेवायची. १०८० च्या फाइलचं चांगलं पोस्टर छापता येत नाही.

आता वॉटरमार्क

घरातले जुने फोटो काढून बघा, आजी-आजोबांच्या लग्नातला वगैरे, त्याच्या पुठ्ठ्यावर खाली कोपऱ्यात स्टुडिओचं नाव आणि गाव उठवलेलं असतं. रंग नाही, शाई नाही, उजेडात तिरकं धरलं की दिसतं. मला वॉटरमार्क तसा हवा असतो. आजीच्या तोंडावरून आडवं नाव लिहिलेलं नसतं कधी.

मजकूर काय, तर नाव, जागा, वर्ष. "© नाव" एवढंच पुष्कळ लोक टाकतात पण माझा भिडे पुलाचा अनुभव वर सांगितला, म्हणून "भिडे पूल, ऑगस्ट २०१९" हे मी आता नावाइतकंच महत्त्वाचं मानते. पूर, आग, झाड पडणं, मोर्चा, ट्रॅफिक जाम, म्हणजे ज्याची बातमी होऊ शकते अशा कुठल्याही फोटोवर तारीख फोटोच्या मध्याच्या जवळ टाका, कोपऱ्यात नको, कारण कोपरा कापला जातो. वाड्याच्या किंवा देवळाच्या शांत फोटोवर खालच्या बाजूला चालेल.

नाव फोटोत कुठे टाकायचं. अगदी कडेला टाकलं की क्रॉपमध्ये जातं, इन्स्टाग्रामची प्रोफाइलवरची ग्रिड २०२५ पासून ३:४ झाली, आधी चौकोनी होती, म्हणजे तिथे पण कडा कापल्या जातात. कडेपासून फोटोच्या निदान आठ-दहा टक्के आत या. आणि मोकळ्या आकाशावर नाव टाकू नका, आजकाल फोनमध्येच पुसायची सोय असते, सपाट आकाशावरचं नाव दोन सेकंदात जातं आणि खूणही राहत नाही. त्याऐवजी विटांच्या भिंतीवर, कौलांवर, पाण्याच्या लाटांवर, फरसबंदीवर टाका, तिथून पुसलं तर मागे डाग पडतो. चेहऱ्यावर नाही, आणि गणपतीच्या मूर्तीवर तर नाहीच, माझं नाव देवाच्या अंगावर मला स्वतःलाच बघवत नाही.

एक माहिती असावी म्हणून सांगते. गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं होतं की एकच वॉटरमार्क शेकडो फोटोंवर तसाच्या तसा असेल तर कॉम्प्युटर सगळे फोटो एकत्र ताडून बघतो, त्यातून वॉटरमार्क नेमका कसा आहे ते शोधतो आणि सगळ्यांवरून काढून टाकू शकतो. त्यांनीच उपाय असा दाखवला की दर फोटोत त्याचा आकार किंचित वेगळा, किंचित वाकवलेला असला तर हे जमत नाही. आपण दर वेळी जागा आणि वर्ष वेगळं लिहितो म्हणजे मजकूर आपोआप बदलतोच, त्यात नाव कुठे टाकतो ती जागा आणि साइज पण थोडी बदलत जा. पुसणारा पुसणारच, पण वॉटरमार्क काही कुलूप नाही, ती सही आहे. सरळ मनाच्या माणसाला फोटो कुणाचा आणि कधीचा ते कळावं एवढ्यासाठी ती आहे आणि बहुतेक माणसं सरळच असतात.

देवनागरीत नाव टाकायचं तर

टाकाच. मराठी शहराचा फोटो आहे, नाव मराठीत शोभतं. पण फॉन्ट जपून घ्या. वॉटरमार्कच्या अॅपमधले नक्षीदार फॉन्ट बहुतेक फक्त इंग्रजी अक्षरांचे असतात, देवनागरी टाइप केलं की फोनचा साधा फॉन्ट येतो. कॉम्प्युटरवर असाल तर मुक्त किंवा बलू हे मुंबईच्या 'एक टाइप' ह्या फॉन्ट करणाऱ्या संस्थेने केलेले फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात, लहान साइजला पण स्वच्छ दिसतात. आणि ज्यांना आपला मराठी वळणाचा ल आणि श हवा आहे, शाळेत गिरवलेला, त्यांनी टिरो देवनागरी मराठी घ्या, तोही तिथेच आहे. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं तुटत असतील, वेलांटी भलतीकडे जात असेल तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या पानावर जाऊन वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा, जुन्या व्हर्जनमध्ये त्याला मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन म्हणायचे, मग नवीन फाइल उघडून टाइप करा. टाकण्याआधी ऱ्य, ऱ्ह, क्ष, ज्ञ असलेली अक्षरं एकदा नीट बघा, कऱ्हाडचा फोटो आणि नाव चुकलेलं असं नको. खूप बारीक वजनाचा फॉन्ट नको, १०८० पिक्सलला मात्रा आणि अनुस्वार गायब होतात. अक्षराची उंची फोटोच्या लहान बाजूच्या दोन-तीन टक्के, पारदर्शकता पन्नासच्या आसपास, मग फोनवर हात लांब करून बघायचं. वाचता येतं पण आधी नजर तिथे जात नाही, असं झालं की बरोबर.

प्रत्यक्ष कसं करायचं

फोनवर स्नॅपसीडने असं जमतं : आधी काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरात नावाची एक इमेज करून ठेवा. एडिट झालेला फोटो उघडा, टूल्समध्ये डबल एक्स्पोजर घ्या, इमेज जोडायच्या चिन्हावर दाबून ती नावाची इमेज घ्या, दोन बोटांनी लहान करून जागेवर न्या, मोड लाइटन करा म्हणजे काळा भाग नाहीसा होतो आणि फक्त अक्षरं राहतात, मग ओपॅसिटी कमी-जास्त करा. काळी अक्षरं हवी असतील तर उलट, पांढऱ्यावर काळी लिहून डार्कन. बटणांच्या जागा व्हर्जनप्रमाणे बदलतात पण टूल तेच. लाइटरूमच्या मोबाइल अॅपमध्ये एक्स्पोर्ट अॅज मध्ये गेलं की इन्क्लूड वॉटरमार्क असा पर्याय आहे, तिथे मजकूर लिहिता येतो.

एकदम चाळीस फोटो असतील, समजा गणपतीचे, तर कॉम्प्युटरवर एक्सएनकन्व्हर्ट वापरा, घरगुती वापराला फुकट आहे. फोटो आत टाकायचे, अॅक्शन्समध्ये आधी रीसाइज मग वॉटरमार्क (क्रम महत्त्वाचा), पारदर्शक पीएनजी (फक्त नावाची अक्षरं, मागे काही नाही अशी इमेज) द्यायची, ओपॅसिटी ठरवायची आणि आउटपुट वेगळ्या फोल्डरमध्ये, मूळ फाइलींवर चुकूनही नाही. मी फोटोंचे दोन गट करते, उजेडाचे आणि रात्रीचे, आणि काळी-पांढरी अशा दोन पीएनजी ठेवते.

फोटोच्या आत लपलेली माहिती

प्रत्येक फोटोत एक्झिफ नावाची माहिती असते, कॅमेरा, लेन्स, तारीख आणि फोन असेल तर बरेचदा जीपीएस. गल्लीचा फोटो टाकताना चालेल, पण स्वतःच्या गच्चीवरून काढलेल्या सूर्यास्ताच्या फोटोत आपल्या घराचा पत्ताच जातो हे लक्षात ठेवा. आयफोनवर शेअर करताना वर ऑप्शन्स असतं तिथे लोकेशन बंद करता येतं, विंडोजमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्सच्या खाली ही माहिती काढायची लिंक आहे. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की ही माहिती निघून जाते आणि फोटो लहान होतो, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला की सगळं जसंच्या तसं जातं, जीपीएससकट.

जीपीएस काढा पण नाव घाला. आयपीटीसी नावाचे रकाने असतात, क्रिएटर, कॉपीराइट नोटिस, कॅप्शन, ते डिजिकॅम ह्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्राममध्ये किंवा लाइटरूममध्ये एकदा टेम्प्लेट करून भरता येतात. फोटो तुमच्या स्वतःच्या साइटवर असेल तर गूगल इमेजेस हे वाचून फोटोसोबत दाखवू शकतं.

कायद्याचं थोडं

फोटो काढला त्या क्षणी कॉपीराइट तुमचा, नोंदणी लागत नाही, वॉटरमार्क नसला तरी तुमचाच (नोकरीत किंवा पैसे घेऊन कुणासाठी काढला असेल तर गोष्ट वेगळी). १९५७ चा कायदा आहे, २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, त्यानंतर फोटोचा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं असतो. इमारतीचा किंवा चौकातल्या पुतळ्याचा फोटो काढून टाकला तर कॉपीराइटचा भंग होत नाही, कलम ५२ मध्ये तशी मोकळीक दिलेली आहे. आणि त्याच २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५ ब आलं, कामासोबत जोडलेली हक्काची माहिती, म्हणजे कर्त्याचं नाव वगैरे, जाणूनबुजून काढून टाकणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणून दिसणारं नाव आणि आयपीटीसीतलं नाव दोन्ही असलेलं बरं.

फोटो कुठे चोरीला गेलेला दिसला तर आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात लिंक आणि तारीख दिसली पाहिजे, मग माणसाला साधा मेसेज करा की फोटो माझा आहे, नाव घाला किंवा काढा. माझ्या अनुभवात बरेच लोक लगेच नाव घालतात, त्यांनाही तो फॉरवर्डमध्येच मिळालेला असतो. ऐकलं नाही तर त्या प्लॅटफॉर्मचा कॉपीराइट रिपोर्टचा फॉर्म भरा. आपले फोटो कुठे फिरतायत ते गूगल लेन्स किंवा टिनआयवर अधूनमधून टाकून बघता येतं. जुना फोटो नवीन म्हणून फिरत असेल तर मात्र वाट बघू नका, त्याच ग्रुपवर मूळ फोटो तारखेसकट टाका, मी त्या दिवशी मावशीच्या ग्रुपवर २०१९ चा मूळ फोटो टाकला आणि तिने तो पुढे तीन ग्रुपवर पाठवला.

वॉटरमार्क कुठे टाकायचा नाही

विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियासाठीचा सगळ्यांना खुला फोटोंचा साठा) फोटो देत असाल तर तिथे वॉटरमार्क नको असतो, नाव खालच्या माहितीत लिहायचं, आणि लायसन्स सीसी बाय-एसए (नाव देऊन, त्याच अटींवर कुणालाही वापरायची मोकळीक) घेतलं की वापरणाऱ्याला तुमचं नाव द्यावंच लागतं. पडायला आलेल्या वाड्यांचे फोटो मी तिथे मोठ्या साइजमध्ये देते, ते माझ्या हार्ड डिस्कवर पडून राहण्यापेक्षा तिथे असलेले बरे.

आणि ज्या माणसाचा फोटो काढला, बांगड्यांचं दुकानवाले काका, फुलवाल्या ताई, ढोल वाजवणारी मुलगी, त्यांना पाठवायचा तो फोटो पूर्ण साइजचा, वॉटरमार्कशिवाय, व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे त्यांना फ्रेम करायचा असेल तर नीट प्रिंट निघेल. तारीख आणि जागा खाली मेसेजमध्ये लिहा, प्रिंट काढल्यावर मागे पेन्सिलने लिहायला सांगा.